विद्यार्थी समाधानी आहेत, पण कशाने?

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची विद्यार्थी समाधान पाहणी ज्यांनी भरली असेल, त्यांना तिचा पहिलाच प्रश्न आठवेल. अभ्यासक्रमाचा किती भाग वर्गात शिकवून झाला? पर्याय टक्क्यांत: ८५ ते १००, ७० ते ८४, असं करत खाली. पुढे कुठेतरी विचारलेलं असतं की किती टक्के शिक्षक प्रोजेक्टर, मल्टिमीडिया वगैरे साधनं वापरतात. एस. वाय. बी.कॉम.च्या मुलानं हे टक्के काढायचे कसे, ते कुणी सांगत नाही. महाविद्यालयं त्याच धर्तीवर दरवर्षी आपापले गुगल फॉर्मही फिरवतात. ग्रुपवर लिंक येते, 'सर्वांनी आजच भरणे' असा निरोप येतो, दोन दिवसांनी न भरणाऱ्यांची यादी येते. मुलं सरसकट वरच्या गोलावर बोट ठेवतात आणि मोकळी होतात. अहवालात लिहिलं जातं: विद्यार्थी समाधानी.

करोनानंतर या फॉर्मांत एक नवा प्रश्न आला. ऑनलाइन आणि प्रत्यक्ष अशा मिश्र पद्धतीच्या अध्यापनाबाबत आपण समाधानी आहात का? माझ्या पाहण्यात तरी याचंही उत्तर बहुतेक 'हो'च येतं. मी नाशिकमध्ये महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. माझे विद्यार्थी या प्रश्नावर खोटं बोलतात असं मला मुळीच वाटत नाही. ते खरंच समाधानी आहेत. फक्त ते ज्या गोष्टीने समाधानी आहेत ती शिकण्याशी फारशी संबंधित नाही, आणि तेवढ्यावर धोरण उभं केलं तर लांबून येणाऱ्या, कमी पैशाच्या घरातल्या मुलांच्या वाट्याला शिक्षणाचा स्वस्त भाग तेवढा येईल.

आधी ते समाधान नीट समजून घेऊ, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

पेठ तालुक्यातल्या करंजाळीच्या पुढच्या एखाद्या पाड्यावरची मुलगी नाशिकला येते तेव्हा तिचा दिवस अंधारातच सुरू होतो. पाड्यावरून रस्त्यापर्यंत चालत, तिथून मिळेल ती जीप किंवा एसटी, सावळघाट ओलांडून सीबीएस बसस्थानक, तिथून पुन्हा सिटीलिंकची शहर बस किंवा पायपीट. पासावर दोन तृतीयांश सवलत आहे हे खरं, पण पासाने पोचायला लागणारा वेळ कमी होत नाही. एवढं करून पोचल्यावर पहिला तास ऑफ, दुसऱ्या तासाला सर कुठल्यातरी समितीच्या कामात, तिसऱ्या तासाला डिक्टेशन. अशा मुलीला आठवड्यातले दोन दिवस 'घरूनच लेक्चर करा' म्हटलं तर ती खूश होणारच. निफाड-पिंपळगावच्या बाजूच्या मुलांना दिवाळीच्या आसपास द्राक्षबागेत डिपिंग-थिनिंगची, म्हणजे घड औषधात बुडवण्याची आणि मणी विरळ करण्याची, घाई असते, घरात हात कमी पडतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करून शिकणारी मुलं तर दर वर्गात असतात. त्यांना रेकॉर्डिंग म्हणजे वरदान वाटतं.

आणि २०२१ चा तो काळ कसा विसरायचा? वीस ऑक्टोबरला राज्यातली महाविद्यालयं उघडली आणि महिना सरायच्या आत एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. वर्ग उघडे आणि गाड्या बंद. त्या काळात शहरातली मुलं बाकावर आणि सुरगाणा-पेठची मुलं फोनवर अशी आपोआपच एक मिश्र पद्धत तयार झाली होती. ती कुणी ठरवून आखलेली नव्हती, पण ती नसती तर कितीतरी मुलांचं ते वर्ष गेलंच असतं.

म्हणून 'प्रत्यक्ष वर्गाला पर्यायच नाही' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांशी माझं जमत नाही. कोणता वर्ग? पिवळ्या पडलेल्या नोट्स उतरवून देणारा? त्या तासाचं रेकॉर्डिंग करून टाकलं तर विद्यार्थ्याचं काहीही जात नाही, उलट त्याला तो दीडपट वेगाने ऐकता येईल.

पण पेठच्या त्या मुलीचं समाधान प्रवास वाचल्याचं आहे. रात्रपाळीवाल्याचं समाधान झोप मिळाल्याचं आहे. तिसऱ्या एकाचं समाधान असं की त्या वेळात त्याला कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत बसून पोलीस भरतीचा किंवा एमपीएससीचा अभ्यास करता येतो, लेक्चर बाजूला म्यूटवर चालू असतं. फॉर्ममध्ये ही सगळी समाधानं एकाच गोलात जमा होतात. त्यातून 'मिश्र पद्धतीने शिकणं चांगलं होतं' असा निष्कर्ष निघतो, तो या मुलांनी दिलेलाच नसतो.

समाधान आणि शिकणं यांची फारकत होऊ शकते, हे इतरांनी तपासूनही पाहिलं आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मजकूर तोच, काही मुलांना सफाईदार व्याख्यान दिलं, काहींना गटात बसवून स्वतः गणितं सोडवायला लावली. चाचणीत दुसऱ्या प्रकारात बसलेल्यांना जास्त गुण पडले. पण 'आपण किती शिकलो असं वाटतं' या प्रश्नावर व्याख्यान ऐकणाऱ्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. डोक्याला ताण पडला की आपल्याला काही येत नाही असं वाटतं, कुणी ओघवतं सांगत गेलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. आमच्याकडेही परीक्षेच्या आदल्या रात्री यूट्यूबवर अख्खं युनिट 'समजून' घेतलेला मुलगा सकाळी पेपरात पहिल्या समीकरणाला अडतो. त्याला आदल्या रात्री फॉर्म दिला असता तर त्याने काय भरलं असतं?

मिश्र पद्धतीच्या बाजूने बोलणारे अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०१० च्या अहवालाचा दाखला देतात. त्यात बऱ्याच अभ्यासांचा एकत्र विचार करून असं आढळलं होतं की ऑनलाइन आणि प्रत्यक्ष यांची सांगड घातलेल्या वर्गांचे निकाल निव्वळ प्रत्यक्ष वर्गांपेक्षा चांगले आले. अहवालात तसं आहे खरं. पण त्याच अहवालात एक सावधगिरीचा इशाराही आहे, तो सहसा कुणी वाचून दाखवत नाही. मिश्र वर्गातल्या मुलांना बहुधा अभ्यासाला जास्त वेळ आणि जास्तीचं साहित्य मिळालं होतं, त्यामुळे फरकाचं श्रेय निव्वळ माध्यमाला देता येत नाही. म्हणजे तिथे ऑनलाइन भाग वर्गाच्या जोडीला आला आणि शिकण्यात भर पडली. आपल्याकडे तो वर्गाच्या जागी येतो आणि तेवढा तास वजा होतो. तिकडचे निष्कर्ष इकडे आणून चिकटवायचे, हा शुद्ध आळस आहे.

इथलं गणित काय आहे ते बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी ठेवला, त्यात कोणत्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवता येईल असं म्हटलं होतं. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांतून मिळवायच्या क्रेडिटची, म्हणजे पदवीसाठी लागणाऱ्या श्रेयांकांची, मर्यादाही त्याच वर्षी २० वरून ४० टक्क्यांवर नेली गेली. मसुद्यात शिक्षकाने मार्गदर्शक कसं व्हावं, विद्यार्थ्याने आपल्या गतीने कसं शिकावं, असं बरंच चांगलं लिहिलं होतं. खाली येईपर्यंत त्यातला '४०' तेवढा शिल्लक राहिला.

कारण सरळ आहे. अनुदानित महाविद्यालयांत मंजूर पदं रिकामी आहेत आणि तास चालवतात ते सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे शिक्षक. त्यांना वर्गात घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन्महिने उशिरा. त्यात नवीन शैक्षणिक धोरणाची रचना आली. मुख्य विषयांखेरीज दोन-दोन क्रेडिटचे कितीतरी विषय वेळापत्रकात शिरले आणि त्यांना ना खोली आहे ना माणूस. मग ते ऑनलाइन. सीएचबीवरच्या मॅडम रात्री स्वयंपाक आवरून फोन उभा करतात, पीपीटीवर आवाज चढवतात, दिवसभर ग्रुपवर आलेल्या शंकांना उत्तरं देतात. व्हिडिओ बनवायला लागलेल्या वेळाचं मानधन कोणत्या शीर्षाखाली काढायचं, असं कार्यालयात विचारलं तर मान वर होत नाही. तीन महिन्यांनी या मॅडम दुसरीकडे मुलाखतीला जातात. त्यांचे व्हिडिओ मात्र महाविद्यालयाच्या चॅनेलवर पुढची तीन वर्षं 'मिश्र अध्यापन' म्हणून चालू राहतात.

अशा तासाला विद्यार्थी काय करतो, हेही लपून नाही. लिंकवर येतो, 'प्रेझेंट मॅम' टाइप करतो, कॅमेरा बंद. कुणी प्रश्न विचारला तर शांतता, मग एखादा 'नेटवर्क इश्यू' म्हणून बाहेर पडतो. कधी कधी खरंच नेटवर्कचाच प्रश्न असतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात संगणक असलेली घरं साडेचार टक्केही नव्हती, शहरात ती साधारण २३ टक्के होती. त्यानंतर स्मार्टफोन गावोगाव पोचले हे मान्य. पण संगणक पोचला नाही. पाच इंची पडद्यावर, दिवसाच्या दीड जीबीत, घरातल्या तिघांत एक फोन असताना, ताळेबंदाचे दोन रकाने शेजारी ठेवून बघता येत नाहीत.

माझ्याच प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगतो. टायट्रेशनचा, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजण्याच्या प्रयोगाचा, व्हिडिओ मुलं आधी पाहून येतात, मीच पाठवतो. ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटी असलेल्या उभ्या मोजनळीत, सोडियम हायड्रॉक्साइड, खाली फ्लास्कमध्ये ॲसिड आणि रंग बदलून दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. एकेक थेंब सोडत जायचं, आणि फ्लास्क हलवूनही जो फिका गुलाबी रंग टिकतो, तिथे थांबायचं. कृती सगळ्यांना तोंडपाठ असते. तरी पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येकाचा फ्लास्क गर्द गुलाबी होतो. डाव्या हाताने तोटी आणि उजव्या हाताने फ्लास्क, अशी दोन्ही हातांची सवय नसते, आणि रंग येऊन विरतोय की टिकतोय हे बघेपर्यंत आणखी चार थेंब पडलेले असतात. मग मी फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवायला लावतो, तोटीवरचं बोट कसं धरायचं ते दाखवतो. तिसऱ्या वाचनाला हात बसतो. व्हिडिओचा फायदा झाला का? भरपूर झाला. पूर्वी अर्धा तास फळ्यावर कृती समजावण्यात जायचा, तो आता चुका करायला मिळतो. मिश्र पद्धत म्हणून मला जे हवं आहे ते एवढंच: ऐकण्याचं काम घरी, आणि हात काळे-गुलाबी करण्याचं, वाद घालण्याचं, अडण्याचं काम इथे, कुणीतरी शेजारी उभं असताना.

हे फक्त प्रयोगशाळेलाच लागू आहे असंही नाही. मराठीच्या वर्गात कवितेच्या एका ओळीवर दोन मुलांचं जुंपतं, अर्थशास्त्राच्या वर्गात कांद्याच्या निर्यातबंदीचा विषय निघाल्यावर लासलगावचा मुलगा आणि शहरातली मुलगी समोरासमोर येतात. हे तास ऑनलाइन करायचे आणि अभ्यासक्रमाचा आढावा घ्यायला मुलांना पन्नास किलोमीटर लांबून बोलवायचं, असा उलटा कारभार सध्या चालतो. कारण कोणता तास ऑनलाइन जाणार हे विषय बघून ठरत नाही, खोली रिकामी आहे का ते बघून ठरतं.

मुलींबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. ऑनलाइनचं समाधान मुलींपेक्षा त्यांच्या पालकांना जास्त असतं, असं मला दिसतं. 'घरबसल्या होतंय तर कशाला जायचं?' दिंडोरी किंवा सिन्नरच्या एखाद्या घरात कानात इअरफोन घालून बसलेली मुलगी कुणालाच कॉलेजात गेलेली वाटत नाही. ती घरी आहे. म्हणून तिला दूध बघायला सांगतात, लहान भावाला आंघोळ घालायला सांगतात, पाहुणे आले तर चहा टाकायला सांगतात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, तेव्हा मुलींची गाड्यांमधली गर्दी वाढलेली मी सीबीएसवर पाहिली आहे. त्यांना घराबाहेर पडायला एक कारण हवं असतं, आणि कॉलेज हे घरातल्या कुणालाही नाकारता न येणारं कारण आहे. ग्रंथालय, कँटीन, मैत्रीण, एनएसएसचं शिबिर हे सगळं त्या कारणाच्या आडोशाने येतं. आठवड्यातले तीन दिवस ऑनलाइन करताना आपण त्या कारणाचे तीन दिवस काढून घेतो. समाधान पाहणीत हा प्रश्न कधीच नसतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. विद्यार्थी सज्ञान आहेत, मतदान करतात, त्यांना काय हवं ते त्यांनी सांगितलं. तुम्ही कोण त्यांचं समाधान खोटं ठरवणारे? मी ते खोटं ठरवत नाही. मी म्हणतो, त्यांना पुरतं विचारा. 'समाधानी आहात का' हे हॉटेलातून बाहेर पडताना विचारण्याचं वाक्य आहे. विद्यार्थ्याला विचारायचं तर असं विचारा: या सत्रात तुम्ही विचारलेल्या शंकेला शिक्षकांनी किती दिवसांत उत्तर दिलं? तुमच्या लिहिलेल्या कामावर कुणी शेरा मारून ते परत दिलं का? ऑनलाइन तास तुम्ही कुठे बसून केला, कोणाच्या फोनवर? प्रत्यक्ष बोलावलेल्या दिवशी किती तास खरोखर झाले? याची उत्तरं सज्ञान मुलं चोख देतील. अडचण एवढीच की ती उत्तरं अहवालात छापायला आवडणार नाहीत.

गंमत म्हणजे दूर बसलेल्या विद्यार्थ्याला कसं शिकवायचं, याचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा अनुभव आमच्याच गावात आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं, गंगापूर धरणाच्या बाजूला त्याचं आवार आहे, आणि राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. इंटरनेट घरात नव्हतं तेव्हा या विद्यापीठाने गृहिणींना, पोलिसांना, कामगारांना पदवीपर्यंत नेलं. त्याची पुस्तकं उघडून पाहा. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. शिक्षक समोर नसणार हे धरून लिहिलेला मजकूर. जोडीला अभ्यासकेंद्र आणि सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रं. तिथेही सगळं आलबेल आहे असं नाही, संपर्कसत्राला रिकाम्या खुर्च्या मीही पाहिल्या आहेत. पण अंतरावरून शिकवायचं तर त्यासाठी वेगळं साहित्य लिहावं लागतं, त्याला वेळ, पैसा आणि संपादक लागतो, ही समज तिथे पहिल्यापासून होती. नियमित महाविद्यालयांनी ती न घेता फक्त अंतर घेतलं. संदर्भग्रंथाच्या पानांचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो, त्याची पीडीएफ, आणि खाली 'इम्पॉर्टंट' असा मेसेज, याला स्वयंअध्ययन साहित्य म्हणणं म्हणजे त्या विद्यापीठाच्या लेखकांचा अपमान आहे.

मग करायचं काय? माझ्या मते ऑनलाइन तास शिक्षकाच्या कार्यभारात प्रत्यक्ष तासाइतकाच धरला पाहिजे, आणि सीएचबीच्या शिक्षकाला व्हिडिओ बनवण्याचे व उत्तरं देण्याचे पैसे मिळाले पाहिजेत. हे झालं नाही तर बाकी सगळं बोलणं वाया. दुसरं, प्रत्यक्ष दिवस एकत्र बांधावेत. सध्या सोमवारी दोन तास, बुधवारी एक, शुक्रवारी प्रॅक्टिकल असं सगळं आठवडाभर विखुरलेलं असतं, आणि लांबची मुलं जवळजवळ रोज खेपा घालतात. त्याऐवजी सलग तीन भरगच्च दिवस ठेवले आणि बाकीचे घरून, तर पेठ-सुरगाण्याच्या मुलांचा प्रवास खरोखर वाचेल. वसतिगृहात जागा नसलेल्या मुलींना त्या रात्रींपुरती सोय झाली तर आणखी चांगलं. तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयं आहेतच. त्यांच्या संगणक कक्षात दुसऱ्या महाविद्यालयाच्या मुलाला बसून ऑनलाइन तास करू द्यायला काय हरकत आहे, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. विद्यापीठ एकच, शुल्क एकच, ओळखपत्र दाखवा आणि बसा.

हे सगळं तातडीचं आहे, कारण सिंहस्थ कुंभमेळा जवळ येतो आहे. २०१५ ला नाशिकच्या पर्वण्या, म्हणजे मुख्य स्नानाचे दिवस, २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला होत्या, म्हणजे ऐन पहिल्या सत्राच्या मध्यावर. २०२७ मध्येही मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येतात. रस्ते बंद होतील, गाड्या वळवल्या जातील, त्र्यंबकेश्वरच्या मुलांना तर गावातून बाहेर पडणंच अवघड होईल. आठवडेच्या आठवडे ऑनलाइन जाणं भाग पडेल आणि ते जायलाच हवं. पण ते आदल्या रात्री ग्रुपवर लिंक टाकून होणार असेल तर पुन्हा तेच होईल. त्या वर्षी जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलाच्या हातात पावतीसोबत एक कागद पडला पाहिजे: कोणते आठवडे घरून, त्या आठवड्यांतली प्रॅक्टिकल जुलैत होणार की ऑक्टोबरात, जवळच्या कोणत्या महाविद्यालयात बसून तास करता येईल, आणि शंका विचारली तर कोणते शिक्षक किती दिवसांत उत्तर देतील.